दोन सप्लायर आहेत, पण रस्ता एकच? मग तुमच्याकडे सप्लायर एकच आहे!



जून जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. "पावसाळ्यात माल अडकतो, ऑर्डर जातात. यावर एखादं चांगलं ॲप किंवा सॉफ्टवेअर सांगा ना!"

प्रश्न चांगला आहे. पण माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या छोट्या उद्योजकाला आपत्तीसाठी नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. हातातला मोबाइल पुरतो. कमी पडते ती माहिती, आणि ती माहिती पाणी गुडघ्याला लागल्यावर गोळा करता येत नाही. ती कोरड्या दिवसांत गोळा करायची असते. आजचा लेख याच एका मुद्द्यावर आहे.

आपल्याकडे आपत्ती कशी कशी येते?

आपत्ती म्हटलं की सगळ्यांना २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीने बदलापूर, कल्याण परिसरात हाहाकार माजवला. लोकल बंद, रस्ते बंद, फोन लागत नाहीत. पण तो एकच दिवस नव्हता. जरा पुढची यादी बघा.

२७ जुलै २०१९. उल्हासचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

मार्च २०२०. लॉकडाऊन. त्यानंतर सगळं जरा सुरळीत होतंय असं वाटत असतानाच २ जुलै २०२० पासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला.

१२ ऑक्टोबर २०२०. पाऊस नाही, वारा नाही. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. बिघाड कळवा-पडघा वीजवाहिन्यांवर झाला होता, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि वीज टप्प्याटप्प्याने यायला कित्येक तास लागले.

२६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. २३ मे २०२४ ला तिथेच अमुदान कंपनीत. दोन्ही वेळा कामगारांचे जीव गेले. आणि ज्यांचा त्या कंपन्यांशी काही संबंध नव्हता, अशा आजूबाजूच्या कारखान्यांचं आणि घरांचंही नुकसान झालं.

आणि एक संथ आपत्ती. कल्याणचा जुना पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीला बंद झाला, नोव्हेंबरमध्ये पाडला. नवा पूल सुरू झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात, सप्टेंबर २०१९ पासून, डोंबिवलीचा कोपर पूलही बंद होता. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या टेम्पोला ठाकुर्लीचा पूल गाठावा लागायचा. ज्यांनी त्या दोन वर्षांत डोंबिवलीत डिलिव्हरी केली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता नीट बघा. नदी, साथ, वीज, स्फोट, पूल. कारणं पाच वेगवेगळी. पण तुमच्या दुकानाच्या किंवा गाळ्याच्या बाजूने पाहिलं तर परिणाम तीनच आहेत: माल येत नाही, माल जात नाही, निरोप पोहोचत नाही. पुढची आपत्ती कोणती येईल हे ओळखायच्या मागे लागू नका. या तीन गोष्टींची तयारी करा.

"माझ्याकडे दोन सप्लायर आहेत" हे उत्तर का चालत नाही

समजा, तुमचा डोंबिवली पूर्वेला मोदक आणि फराळाचा व्यवसाय आहे. गणपतीत वर्षभरातली सगळ्यात मोठी विक्री होते. गुळासाठी तुमच्याकडे दोन व्यापारी आहेत. एक नाही म्हणाला तर दुसरा. तुम्ही निश्चिंत.

आता दोघांनाही फोन करून एकच प्रश्न विचारा: "शेठ, तुमचा गूळ येतो कुठून?" दोघांचंही उत्तर "कोल्हापूर" आलं, तर तुमच्याकडे सप्लायर दोन नाहीत. एकच आहे, फक्त दुकानं दोन आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. २०१९ ला गणेश चतुर्थी होती २ सप्टेंबरला. म्हणजे ऐन मोदकांच्या तयारीच्या महिन्यात.

अशा वेळी दौंडकडच्या गुऱ्हाळाचा गूळ ठेवणारा एखादा व्यापारी तुमच्या ओळखीचा असेल, तर तो खरा दुसरा सप्लायर. त्याचा भाव किलोमागे दोन रुपये जास्त असला तरी.

भाजीवाल्यांचं, खाणावळवाल्यांचंही तसंच. कल्याणच्या बाजार समितीत नाशिककडचा माल कसारा घाटातून येतो, जुन्नर-ओतूरचा माळशेज घाटातून. ऐकायला दोन रस्ते. पण माळशेजकडून मुरबाडमार्गे येणाऱ्या गाडीला कल्याणजवळ उल्हास नदी ओलांडावी लागते. मोठा पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली जातो. आणि जुलै २०२१ मध्ये एकाच रात्री कसारा घाटात रेल्वेमार्गावर दरड आली आणि उंबरमाळी स्टेशनात फलाटापर्यंत पाणी चढलं. दोन्ही रस्ते एकाच पावसाच्या तडाख्यात येऊ शकतात. मग तिसरा पर्याय कोणता? वाशी मार्केट? तिथे तुमची ओळख आहे का? हे प्रश्न आज विचारायचे आहेत.

टोयोटाला जे २०११ मध्ये कळलं

हे फक्त छोट्यांचं दुखणं आहे असं समजू नका. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. टोयोटासारखी कंपनी, जिच्या कामाच्या पद्धती जगभर शिकवल्या जातात, तीसुद्धा गडबडली. आपले थेट सप्लायर तिला माहीत होते. पण त्या सप्लायरना माल देणारे कोण, आणि त्यांना देणारे कोण, हे पुरतं माहीत नव्हतं. उत्पादन पूर्ववत व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागले. त्यानंतर टोयोटाने काय केलं? सप्लायरच्या सप्लायरपर्यंतची माहिती एका डेटाबेसमध्ये भरली: कोणता भाग, कोणता कारखाना, कोणतं ठिकाण. कुठे भूकंप झाला की त्या भागातून आपलं काय काय येतं, हे लगेच दिसायला लागलं.

त्यांची यादी लाखो भागांची. तुमची किती? वीस? तीस? मग तुम्हाला डेटाबेस नको, एक गुगल शीट पुरे. फुकट आहे आणि मोबाइलवर चालते.

सहा रकाने, एक रविवार

शीट उघडा आणि सहा रकाने करा.

१. माल कोणता
२. कोणाकडून घेतो (नाव आणि दोन नंबर: एक मालकाचा, एक दुकानातल्या माणसाचा)
३. त्याच्याकडे तो माल कुठून येतो
४. कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून किंवा घाटातून येतो
५. माझ्याकडे किती दिवसांचा साठा आहे
६. पर्याय कोण, आणि त्याला शेवटची ऑर्डर कधी दिली

तिसरा आणि चौथा रकाना भरायला फोन करावे लागतील. कंटाळा येईल. पण सगळी किंमत त्याच दोन रकान्यांची आहे. भरून झाल्यावर चौथा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. एकच नाव, समजा "शीळफाटा", आठ वेळा आलं, तर तुमच्या धंद्याची मानगूट कुठे आहे ते कळलं.

सहाव्या रकान्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्या पर्यायी सप्लायरला तुम्ही कधीच ऑर्डर दिली नाही, तो सप्लायर नाही, तो फक्त सेव्ह केलेला नंबर आहे. संकटात सगळेच त्याला फोन करणार. तो आधी कोणाला माल देईल? ज्याचं तोंड त्याने पाहिलंय त्याला. म्हणून दर पाच ऑर्डरींपैकी एक तरी त्याला द्या. भाव थोडा जास्त पडेल. तो फरक म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

पाचव्या रकान्यासाठी साधं गणित. समजा, रोज ५ किलो गूळ लागतो. एरवी माल दोन दिवसांत येतो, पण रस्ता बंद असला तर सहा दिवस लागू शकतात. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने ३० किलोच्या खाली साठा जाऊ द्यायचा नाही. सगळ्याच मालाचा साठा करू नका, भांडवल अडकून बसेल. फक्त अशा मालाचा करा, जो स्वस्त आहे, खराब होत नाही आणि ज्याच्याशिवाय विक्री थांबते. मोदकवाल्यासाठी असा माल कोणता? बहुतेक वेळा पॅकिंगचा डबा! पीठ आहे, गूळ आहे, खोबरं आहे, हात आहेत. डबेच नाहीत, मग मोदक पाठवणार कसे? डब्यांची दोन बंडलं माळ्यावर टाकून ठेवली की प्रश्न मिटला. फक्त माळ्यावर बरं का, जमिनीवर नको.

हवामान खात्याचे रंग बघून काय करायचं, हे आधीच ठरवा

यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट आपण बातम्यांत ऐकतो आणि "बघू" म्हणतो. हवामान खातं जिल्ह्यानुसार पुढच्या पाच दिवसांचे इशारे देतं. ते "मौसम" ॲपवर आणि वेबसाइटवर फुकट दिसतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" ॲप तुमच्या ठिकाणानुसार सूचना देतं. पाच दिवस म्हणजे छोट्या धंद्यासाठी भरपूर वेळ आहे. अडचण इशारा मिळण्याची नाही. तो मिळाल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसतं.

म्हणून शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवा:

यलो: साठा मोजायचा. कमी असेल तर आजच ऑर्डर.
ऑरेंज: परवाच्या डिलिव्हरी उद्या करता येतील का, हे ग्राहकांना विचारायचं. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवायचं. पॉवर बँक, इन्व्हर्टर चार्ज करायचे.
रेड: माल उंचावर, मेन स्विच कोणी बंद करायचा ते ठरलेलं, कामगारांना घरी. कोणालाही "काहीही करून ये" म्हणायचं नाही.

शेवटचं वाक्य परत वाचा. एक ऑर्डर वाचवायला कोणाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बदलापूर, मुरबाड रस्ता किंवा कल्याणच्या नदीकाठी तुमचा किंवा तुमच्या सप्लायरचा गाळा असेल, तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात बातम्यांत या पातळ्या येतात. "ब्रिज तुटला, धरण फुटलं" असल्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर निर्णय घेऊ नका. जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांच्या अधिकृत पानावर बघा, मगच गाडी वळवा.

वीज गेली, नेटवर्क गेलं, मग काय?

आता कोणी म्हणेल, "सगळं मोबाइलवर ठेवलं आणि मोबाइलच बंद पडला तर?" शंभर टक्के रास्त शंका आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला तर पाऊसही नव्हता. म्हणून माझा आग्रह असतो की डिजिटल यादीची एक प्रिंट काढून भिंतीवर लावा. महत्त्वाचे दहा नंबर वहीत लिहा. गुगल शीट ऑफलाइन दिसेल अशी सेटिंग करून ठेवा, आपल्या भागाचा नकाशा गुगल मॅप्समध्ये डाउनलोड करून ठेवा. कागद आणि मोबाइल हे एकमेकांचे शत्रू नाहीत. कागद भिजतो तेव्हा क्लाउड वाचवतो, वीज जाते तेव्हा कागद.

ग्राहकांसाठी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट आजच बनवा. एक गोष्ट लक्षात घ्या, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून बिल देताना सांगा, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा." आणि संकटात मेसेज पाठवताना कारणांची रामकथा नको. तीन ओळी पुरे: ऑर्डर आज मिळणार नाही, कधी मिळेल, पैसे परत हवे असतील तर काय करायचं. ग्राहक उशीर माफ करतो. फोन न उचलणं माफ करत नाही.

माल वाटेत अडकला तर

तुमचा माल ई-वे बिलावर येत असेल, तर त्याची मुदत असते, साधारणपणे २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी घाटात दोन दिवस उभी राहिली तर मुदत संपते. नैसर्गिक आपत्तीचं कारण देऊन ती पोर्टलवर वाढवता येते, पण मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंतच. हे काम ट्रान्सपोर्टरचं, पण फोन करून आठवण तुम्ही करा. आणि एका गाडीतून माल काढून दुसऱ्या गाडीत टाकला, तर गाडीचा नंबर अपडेट झालाच पाहिजे.

दुसरं म्हणजे विमा. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते आणि त्यात पुराचाही समावेश आहे. धंदा बंद राहिल्याचं नुकसान मात्र आपोआप भरून मिळेल असं धरून चालू नका, ते एजंटला वेगळं विचारा. क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न असतो: "माल किती होता, पुरावा काय?" बिलबुकं भिजली असतील तर काय दाखवणार? म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला गाळ्याचा, मालाचा, मशीनचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. खरेदीची बिलं स्कॅन करा. दोन्ही गुगल ड्राइव्हवर टाका. खर्च शून्य.

आणि जे कोणतंही ॲप देऊ शकत नाही

शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात मोठा. रस्ता उघडला, व्यापाऱ्याकडे दहा पोती आली आणि मागणारे पन्नास जण आहेत. पहिलं पोतं कोणाला जाईल? ज्याची शीट सुंदर आहे त्याला नाही. ज्याची उधारी वेळेवर चुकती होते त्याला.

आपल्यातले बरेच जण मोठ्या कंपन्यांनी पेमेंट अडकवलं म्हणून तक्रार करतात, आणि ती बरोबरच आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असा कायदा आहे. पण तोच न्याय आपण आपल्या छोट्या सप्लायरला लावतो का? डबेवाल्या पार्टीचे पैसे दोन-दोन महिने लटकवायचे आणि पुराच्या दिवशी त्याने पहिला फोन आपला उचलावा, हे कसं जमेल?

मोबाइलवर पेमेंटचे रिमाइंडर लावा. तुम्ही म्हणाल, याचा आपत्तीशी काय संबंध? माझ्या मते डिजिटल आपत्ती व्यवस्थापनाची पहिली पायरी हीच आहे. तंत्रज्ञान तुम्हाला सांगेल की कोणाला फोन करायचा. तो फोन उचलायचा की नाही, हे तुमचं मागच्या वर्षभराचं वागणं ठरवतं.

तर या रविवारी एवढंच करा. चहा घ्या, शीट उघडा, सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या एका वस्तूचा फक्त कच्चा माल लिहा आणि तीन सप्लायरना फोन करून विचारा, "तुमचा माल येतो कुठून?" एक तरी उत्तर तुम्हाला चकित करेल. तिथूनच तुमची तयारी सुरू झाली असं समजा.

धंदा करा, जपून करा!